काझीसाहेबांच्या वर्गातला दुभाषा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. मला ओळखणारा कुणी हे वाक्य वाचेल तर हसेल, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी कीर्ती आहे. लग्नाचा मांडव असो, स्टाफरूम असो, एस.टी.चा मागचा बाक असो — चार माणसं जमली की मी सुरू होतो. आवाज काढतो, डोळे फिरवतो, गरज पडली तर उठून उभा राहतो. लोक पोट धरून हसतात. आणि सगळ्यांत जास्त मागणी असते ती एका किश्श्याला. "उपाध्ये, ते काझीसाहेबांचं होऊन जाऊ द्या!" मग मी ते होऊ देतो. किती वर्षं होऊ देतोय, देव जाणे.

तो किस्सा निम्मा आहे. उरलेला निम्मा मी गिळून बसलोय. तुम्ही समोर बसला आहात असं धरतो आणि बोलतो — पण आधी नेहमी ऐकवतो तो निम्मा ऐका. नाही तर दुसरा कळायचा नाही.

निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. औरंगाबादला विद्यापीठ झालं होतं आणि आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बाजारगावांना कॉलेजचं वेड लागलं होतं. आमच्या गावच्या व्यापाऱ्यांनी — गावाचं नाव सांगत नाही, मुरुमच्या बाजूचं होतं एवढं पुरे — अडत बाजारामागचं एक गोदाम रिकामं करून दिलं. मध्ये तट्ट्या घातल्या, भिंतींना चुना फासला, दारावर पाटी लावली. झालं कॉलेज! चुना नवा होता, पण त्याच्या आतून करडईचा वास यायचाच. फळा जोरात पुसला की मागून धान्यातले किडे बाहेर पडायचे. विद्यार्थी म्हणाल तर घरी कानडी बोलणारे, शाळा मराठीत झालेली, आणि बापाच्या तोंडी अजून कचेरीतली उर्दू. काही तर संसारी माणसं होती. मल्लप्पा म्हणून एक प्राथमिक शिक्षक बिनपगारी रजा काढून शिकायला आला होता; माझ्यापेक्षा वयानं मोठा, मिशांना पीळ देऊन पहिल्या बाकावर बसायचा.

काझीसाहेब आमचे तर्कशास्त्राचे लेक्चरर. मूळचे परंड्याचे, किल्ल्याच्या अंगाला घर. हैदराबादला जाऊन एम.ए. झालेले, पहिल्या वर्गात, आणि सगळं शिक्षण उर्दूतून. उंच, किंचित वाकलेले, ऐन उन्हाळ्यातही शेरवानीची वरची गुंडी लावलेली. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे भाऊ, चुलते, मेहुणे — सगळे उठून हैदराबादला गेले. हे एकटे बायकोला घेऊन इथं राहिले. का राहिलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "यहां के लोगां मेरे कू पहचानते, उपाध्येसाब. वहां जा के नाम बताना पडता."

त्यांची नेमणूक कच्ची होती. अट अशी, की दोन वर्षांच्या आत मराठीतून नाही तर इंग्रजीतून शिकवता आलं पाहिजे. विद्यापीठाची कमिटी येणार, वर्ग बघणार, आणि तिनं मान हलवली तर नोकरी पक्की. नाही हलवली तर गेली. आणि गेली तर? उर्दू शाळा बंद पडत चाललेल्या, कचेऱ्यांची भाषा बदललेली. त्या जिल्ह्यात त्यांच्यासारख्या माणसाला दुसरी जागा कुठं होती? बिछाना बांधायचा आणि हैदराबादची वाट धरायची. हे त्यांना ठाऊक होतं, प्राचार्यांना ठाऊक होतं. मलाही होतं — हे लक्षात ठेवा. मला सगळं ठाऊक होतं.

पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला प्राचार्यांनी आम्हां सगळ्यांना बोलावलं. ते पुण्याकडचे, या मुलखाला वैतागलेले. म्हणाले, "काझीसाहेबांच्या तासाला कुणी तरी दुभाषा म्हणून उभं राहायला हवं. वेगळा पैसा मिळणार नाही. तुमचे स्वतःचे तासही कमी होणार नाहीत. कोण तयार आहे?" सगळे छपराकडं बघू लागले, जणू तिथल्या कबुतरांपैकी एखादं हात वर करील.

मी उठलो. उठलो कसला — उडालो!

मी तुळजापूरचा. आमच्या घरात पूजाअर्चा, पाहुण्या यात्रेकरूंची वर्दळ. बोलून माणूस खिळवून ठेवायचा हे मी रांगता असल्यापासून बघितलेलं. शाळा मात्र निजामी अमदानीत झाली, त्यामुळं उर्दू जिभेवर खेळायची. मी मराठीचा लेक्चरर, उर्दूचा जाणकार, अंगात नाटक. या कामाला माझ्याहून लायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडला नसता. मला तरी तसं वाटलं.

मग सुरू झाला तो खेळ. काझीसाहेब एक वाक्य उर्दूत बोलायचे, मी ते मराठीत सांगायचो. पहिले काही दिवस सरळ सांगितलं. पण तर्कशास्त्रात मोठं विधान आणि लहान विधान असतं ना, त्यांना त्यांच्या पुस्तकांत कुब्रा आणि सुग्रा म्हणत, आणि निष्कर्षाला नतीजा. आता माझ्यासारख्याच्या हातात ही असली नावं द्यायची का? मी कुब्राबीला थोरली जाऊ केलं, सुग्राबीला धाकटी. दोघी एका चुलीवर भांडायला लागल्या की नतीजा नावाचं पोरगं कोपऱ्यात भोकाड पसरायचं. कुब्राबीचा मी घोगरा आवाज काढायचो, सुग्राबीचा नाकातून. वर्ग लोटपोट. शेजारच्या तट्टीपलीकडचा इतिहासाचा तास ओस पडू लागला. बाजारातले हमाल दारात उभे राहून तर्कशास्त्र ऐकायचे, सांगा आता!

आणि काझीसाहेब? ते हातात खडू घेऊन बाजूला उभे. चेहऱ्यावर यजमानाचं हसू. हशा संपला की हळूच म्हणायचे, "आगे चलें, उपाध्येसाब?"

गावात माझं नाव झालं. स्वतःचे तास सांभाळून, एक पैसा न घेता सहकाऱ्यासाठी उभा राहणारा माणूस! आणि एवढ्यावर मी थांबलो नव्हतो. कुणी आजारी पडलं की त्याचा तास मी घ्यायचो. शिपाई गावाला गेला की घंटा मी वाजवायचो. स्नेहसंमेलनाचा पडदा मीच ओढायचो, आणि पडद्यापुढं येऊन दोन शब्दही मीच बोलायचो. आज मागं वळून बघतो तेव्हा यातल्या एकाही मदतीवर माझा विश्वास बसत नाही. मी कुणाला हात दिला, आणि कुणाच्या जागेवर जाऊन उभा राहिलो? मला वेगळं करून सांगता येत नाही. खरंच येत नाही.

किस्सा मी इथंच संपवतो. कमिटी आली, तिच्यापुढंही हा खेळ झाला, कमिटीचे अध्यक्ष चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. टाळ्या. कुणी विचारलंच की काझीसाहेबांचं पुढं काय झालं, तर मी म्हणतो, "गेले हैदराबादला, आपल्या माणसांत." आणि पुढचा किस्सा सुरू करतो.

आता दुसरा निम्मा.

काझीसाहेबांना शिकवता यायचं. असं शिकवणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. आणि त्यांची खरी करामत बोलण्यात नव्हतीच, ती त्यांच्या गप्प राहण्यात होती. ते एक साधा प्रश्न टाकायचे आणि थांबायचे. खडू बोटांत, नजर खिडकीबाहेर. घाई नाही, टोचणी नाही. त्या शांततेत पोरांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, कुणी तरी चुळबुळायचं, आणि मग एखादा चाचरत उत्तर द्यायचा. उत्तर चुकलं तरी चुकलं म्हणायचे नाहीत. "फिर से चलो," म्हणायचे, "जहां से निकले थे." आणि त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन सोडायचे.

ती शांतता मला सोसायची नाही. ती सुरू झाली की माझ्या जिभेला खाज सुटायची. प्रश्न पडला रे पडला की मी कुब्राबीला आत ढकलायचो. पोरं हसायची, आणि जो विचार कुणाच्या तरी डोक्यात उगवू बघत होता तो तिथंच मरायचा. काझीसाहेब एकदाही काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना आवडतंय. असं वाटून घेतलं, म्हणू या.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दिवाळी झाली होती. दुपारी मी गोदामाच्या मागच्या बाजूनं येत होतो. तिथं मोठ्या तराजूजवळ एक लिंब होता, आणि बाजार नसला की रिकाम्या गाड्या उभ्या असायच्या. गाड्यांच्या पलीकडून आवाज आला. मी थबकलो.

"हे बग, मल्लप्पा. परंड्याहून सुटणारी दर गाडी कुर्डुवाडीला जाती. हे धरलं आपण. धरलं का न्हाय?"

"धरलं, साहेब."

"आता हितं समोर येक गाडी हाय. ती कुर्डुवाडीला चाललीया. मग ती परंड्याचीच का?"

"व्हय की. परंड्याचीच."

मग ती शांतता. मी गाडीच्या चाकाआड उभा. शांतता लांबत गेली. माझे ओठ शिवशिवले, पण मी तिथं नव्हतोच ना — कुणाच्या लेखी नव्हतो. आणि मग मल्लप्पा एकदम ओरडला, "न्हाय, न्हाय साहेब! बार्शीची बी असंल की! बार्शीची बी तिकडंच जाती!"

लिंबाखाली बसलेली सगळीच पोरं हसली. वर्गातलं हसू नव्हतं ते. काही तरी हाताला लागल्यावर माणूस हसतो, तसं होतं. आणि काझीसाहेब मोठ्यांदा हसत होते — मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

तुमच्या ध्यानात आलं? ते मराठीत शिकवत होते. परंड्याचा माणूस, लहानपणापासून शेतावर, बाजारात, शेजारीपाजारी मराठी बोलत मोठा झालेला. ती भाषा त्यांना येतच होती. फक्त त्या भाषेतलं पुस्तक त्यांनी कधी वाचलं नव्हतं, आणि वर्गात उभं राहून जी बोलायची ती भाषा कशी धुतलेली, इस्त्रीची हवी, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते रोज दुपारी कच्च्या विद्यार्थ्यांना घेऊन लिंबाखाली बसत होते, स्वतःही शिकत होते आणि त्यांनाही शिकवत होते. पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला होता. त्याचं कौतुक मला झालं होतं. तो निकाल कुठं तयार होत होता, ते मी त्या चाकाआडून पाहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? धावत जाऊन त्यांना मिठी मारायला हवी होती. सहकाऱ्याची अडचण सुटली, नोकरी वाचली! पण माझ्या पोटात काय आलं, सांगू? भीती. यांना मी लागणार नसेन — मग माझं काय?

मी पाय न वाजवता परत फिरलो.

पुढं थोड्याच दिवसांत त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. गावात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पडद्याआडून त्यांच्या बेगमनी बशी भरून खारी बिस्किटं पुढं केली. चहा झाला. काझीसाहेब बराच वेळ कपाच्या कानाशी चाळा करत बसले. मग माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"उपाध्येसाब, आमची मराठी... वर्गात चालंल का?"

किती लाजत विचारलं होतं त्यांनी! मराठीच्या लेक्चररला विचारत होते. त्यांना दुसऱ्या कुणाचा शब्द नको होता, माझा हवा होता. मी हो म्हणायचा अवकाश होता. हो, एवढंच. ते खरंही होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मी मान तिरकी केली. फार विचारात पडल्यासारखा चेहरा केला — चेहरे मला उत्तम जमतात. म्हणालो, "चालेल हो. पण पोरं हसतील, काझीसाहेब. म्या, न्हाय, हाय असं वर्गात... एरवी ठीक आहे. कमिटीपुढं हसली तर? उगाच कशाला जोखीम? मी आहे ना."

पोरं हसत नव्हती. एकही पोरगं त्यांच्या मराठीला हसलं नव्हतं.

त्यांनी मान डोलावली. "बजा फरमाया," म्हणाले, म्हणजे बरोबर बोललात. आणि पडद्याकडं वळून बेगमना सांगितलं, उपाध्येसाबांना आणखी चहा. मी तो प्यालो. गोड होता.

हे सांगून झालं असं वाटलं तुम्हाला? मलाही वाटलं. दोन दिवस हात इथंच अडखळला होता. एवढंच कबूल करून उठावं — एक खोटा सल्ला दिला, मत्सर वाटला, माणूस आहे. पण याच्या पुढं आहे. पुढचं जास्त आहे.

कमिटी यायच्या आधी काझीसाहेबांनी मला वऱ्हांड्यात गाठलं. या वेळी आवाज ठाम होता. "उपाध्येसाब, उस दिन मैं अकेला पढाऊंगा. मराठी में. जो होना सो होगा. आप बस पीछे बैठिए. आप रहेंगे तो हिम्मत रहेगी." माझ्या सल्ल्यानंतरही त्यांनी हे ठरवलं होतं. केवढं धाडस केलं असेल त्या भिडस्त माणसानं! मी त्यांचा हात हातात घेतला. "बेशक," म्हणालो. मनापासून म्हणालो, त्या क्षणी तरी.

कमिटी आली. तिघं जण होते, प्रवासानं आंबलेले. त्यांना वर्गाच्या मागं खुर्च्या टाकल्या, शेजारी प्राचार्य, त्यांच्या पलीकडं मी. काझीसाहेब आत आले. शेरवानी स्वच्छ धुतलेली. त्यांनी फळ्याकडं बघितलं, वर्गाकडं बघितलं, आणि मराठीत सुरुवात केली. "परंड्याहून सुटणारी दर गाडी कुर्डुवाडीला जाते." *जाते* म्हणाले. *जाती* नाही. कुणाला ठाऊक किती वेळा घोकलं असेल.

कुणी हसलं नाही. मल्लप्पा ताठ बसला होता. मागं कमिटीतले एक गृहस्थ दुसऱ्याला हळूच म्हणाले, "बरं बोलतात की." मी ऐकलं. माझ्या कानाशेजारीच बोलले ते.

मग काझीसाहेबांनी प्रश्न टाकला. "ही गाडी कुर्डुवाडीला निघाली आहे. मग ती परंड्याचीच आहे का?"

आणि थांबले.

खडू बोटांत, नजर खिडकीबाहेर. वर्ग गप्प. पोरांच्या कपाळावर आठ्या. सगळं जसं व्हायला हवं तसंच होत होतं. त्या तीन पाहुण्यांना मात्र हे माहीत नव्हतं. त्यांना दिसत होता एक माणूस, नवख्या भाषेत दोन वाक्यं बोलून गप्प झालेला. अध्यक्षांनी चष्मा सावरला. प्राचार्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडं पाहिलं.

हे अडकलेले नाहीत, हे त्या मागच्या रांगेत फक्त मला ठाऊक होतं. अध्यक्षांच्या कानाशी वाकून चार शब्द बोललो असतो — साहेब, ही त्यांची पद्धत आहे, बघा आता — तरी पुरलं असतं. काही न करता बसून राहिलो असतो तरी पुरलं असतं. मल्लप्पाचा हात वर यायलाच लागला होता.

मी उठलो.

आपसूक उठलो, सवयीनं उठलो, काझीसाहेबांवर दया येऊन उठलो — हे सगळं मी स्वतःला वर्षानुवर्षं ऐकवलंय. खोटं आहे. उठण्याआधी एक क्षण होता. त्या क्षणात मला स्पष्ट कळत होतं की मी उठलो तर काय होईल. आणि तरी माझ्या डोक्यात काय चाललं होतं? एवढे मोठे तीन पाहुणे आलेत आणि त्यांनी मला बघितलंच नाही!

"थांबा, थांबा, काझीसाहेब!" मी मागूनच म्हणालो, कुब्राबीच्या आवाजात. वर्ग फुटला. पोरं बिचारी, त्यांना दोन वर्षांची सवय. मी बाकांमधून पुढं चालत गेलो — चालत कसला, मिरवत. "अगं सुग्रे, ही गाडी कुणाची गं?" नाकातला आवाज. हशा. मागं वळून पाहिलं तर अध्यक्षांनी चष्मा काढला होता.

काझीसाहेब माझ्याकडं बघत होते. रागानं बघितलं असतं तर आज मला जरा सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, बाजूला सरकून मला जागा करून दिली, आणि नेहमीसारखं उर्दूत पुढचं वाक्य बोलले. वाक्य मी मराठीत आणावं म्हणून. त्यांच्या वर्गात आलेला मी पाहुणा होतो, आणि पाहुण्याला उभं कसं ठेवायचं?

तासाभरानं प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्षांनी मला बोलावलं. दार उघडं होतं. बाहेर बाकावर काझीसाहेब बसले होते. मी आत जाताना त्यांच्याच पुढून गेलो.

"वा, उपाध्ये, मजा आणलीत! असे सहकारी हवेत. आता एक सरळ सांगा. तुमच्याशिवाय हे गृहस्थ वर्ग चालवू शकतील का?"

बघा, मला दुसऱ्यांदा संधी मिळाली. किती जणांना मिळते?

मी हसलो. छातीवर हात ठेवला. "तो प्रश्नच येत नाही, साहेब. मी आहे ना. मी कायम उभा राहीन त्यांच्यासाठी."

अध्यक्षांनी पेन उघडलं आणि समोरच्या कागदावर काही तरी लिहिलं. बाहेर आलो तर बाक रिकामा होता.

संध्याकाळी मल्लप्पा तराजूपाशी उभा होता. माझीच वाट बघत असावा.

"सर, येक इचारू?"

"विचार की, मल्लप्पा."

"काझीसाहेब अडकलं नव्हतं. आमच्यासाठी थांबलं होतं. तुमाला ठावं हाय नव्हं?"

"तू लहान आहेस अजून या गोष्टींना," असं काही तरी मी म्हणालो. माझ्याहून मोठ्या, दोन लेकरांच्या बापाला! तो मिशीतल्या मिशीत हसला. "व्हय सर," म्हणाला. "लई लहान." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. कॉलेज सोडून जाईपर्यंत.

सुट्टीच्या आधी हुकूम आला. काझीसाहेबांची नेमणूक पक्की झाली नव्हती. प्राचार्य मला म्हणाले, "तुम्ही तरी आणखी काय करणार होता, उपाध्ये? तुमच्याकडून होतं ते सगळं तुम्ही केलंत." केवढं खरं बोलले ते!

पुढच्या वर्षी तर्कशास्त्राचे तास मलाच दिले. कुब्राबी आणि सुग्राबी थोडे दिवस पुरल्या. मग पोरं प्रश्न विचारू लागली आणि माझ्याकडं नुसते आवाज होते. निकाल लागला तेव्हा लिंबाखाली बसणाऱ्या पोरांपैकी निम्मी नापास झाली होती. त्या निकालाबद्दल मला कुणी काही बोललं नाही. विषयच अवघड, असं ठरलं.

काझीसाहेब निघाले तेव्हा त्यांची ट्रंक कुणी उचलली असेल? मीच. हमाल पुढं आला होता, त्याला मी हटवला. ट्रंक जड होती, सगळी पुस्तकं. स्टँडवर बरीच माणसं आली होती — व्यापारी, पोरं, शेजारचे. बेगम गाडीत बसल्या होत्या, बुरख्याच्या आत हुंदका दाबत. काझीसाहेबांनी सगळ्यांशी हात मिळवला. सगळ्यांत शेवटी माझ्याकडं आले. माझे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"उपाध्येसाब, तुमी लई केलंत माज्यासाठी."

आजूबाजूच्या माणसांचे डोळे पाणावले. मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. अजून शोधतो. नव्हता. बाहेरच्या बाकावरून त्यांनी माझं उत्तर ऐकलं होतं की नव्हतं? पोरं हसतील हे खोटं होतं, हे त्यांना त्या दिवशी वर्गात कळलं असणारच. कळूनही ते असं बोलले असतील तर तो माणूस कोण होता? आणि न कळता बोलले असतील तर मी कोण आहे?

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी परीक्षेच्या कामाला परंड्याला जाणं झालं. किल्ल्याच्या अंगाला गेलो. घर विकलेलं होतं, दारात दुसऱ्याच कुणाच्या शेळ्या. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा निवडत होती. मी काझीसाहेबांचं विचारलं.

"काझी मास्तर व्हय? त्ये गेलं की बाबा हैदराबादला. मागं पुतण्या आल्ता घराचं कागद करायला, त्यो सांगत होता. भावाच्या कापडाच्या दुकानात बसायचं म्हणं. गिऱ्हाइकाशी बोलायचं न्हाईत. नुसतं थान उलगडून दावायचं आन् गप बसायचं." तिनं शेंगा सुपात टाकल्या. "वारलं तिकडंच. तुमी कोण म्हनायचं त्यांचं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नेहमीच असतं.

"त्यांच्याबरोबर होतो मी," म्हणालो. "मदतीला."

"भलं केलंसा," म्हातारी म्हणाली. आत जाऊन तिनं तांब्या भरून पाणी आणलं. मी ते प्यालो, तांब्या ओट्यावर ठेवला आणि निघालो.

कालच एका लग्नात पुन्हा फर्माईश झाली. मी कुब्राबीचा आवाज काढला. लोक हसले. हा कागदसुद्धा लिहिताना, ते चुलीवरचं भांडण आलं तिथं मी वाक्य दोनदा फिरवलं, जास्त रंगावं म्हणून. मी असाच आहे, आणि आता या वयात दुसरा कुणी होणार नाही.

काझीसाहेब पुन्हा कुठल्याही वर्गात उभे राहिले नाहीत. त्यांना शिकवता येत होतं, आणि ते मला माहीत होतं.